एच-१बी वर असताना भारतवारी : व्हिसाचा शिक्का संपलेला, पासपोर्ट संपत आलेला, कागदपत्रांची तयारी कशी करावी?

शार्लटवासी यांचा प्रश्न :

नमस्कार. मी २०१९ पासून एच-१बी व्हिसावर अमेरिकेत सॉफ्टवेअर अभियंता म्हणून काम करतो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की डिसेंबरच्या मध्यावर धाकट्या बहिणीचे लग्न पुण्यात आहे आणि पत्नी, चार वर्षांचा मुलगा व मी असे तिघे पाच वर्षांनी प्रथमच भारतात जाणार आहोत. परतीचा प्रवास जानेवारीत आहे.

माझ्या पासपोर्टवरचा शिक्का पहिल्या कंपनीच्या पिटिशनवर, म्हणजे कंपनीने माझ्यासाठी केलेल्या एच-१बी अर्जावर, मुंबईत मिळाला होता. त्याची मुदत २०२२ मध्येच संपली. त्यानंतर कंपनी बदलली, ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० मंजूर झाला, त्याच्या आधारे सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही न्यू जर्सी सोडून नॉर्थ कॅरोलिनातील शार्लटला राहायला आलो. कंपनी तीच आहे, मी घरून काम करतो. माझ्याजवळ आता चार आय-७९७ मंजुरीपत्रे जमली असून सर्वांत अलीकडच्या पत्रावर सप्टेंबर २०२८ ही तारीख आहे. पासपोर्ट मात्र मे २०२७ मध्ये संपतो. तो भारतातून परत आल्यावर निवांत बदलून घ्यावा, असे मनात आहे.

नव्या शिक्क्याच्या मुलाखतीसाठी आणि परतताना विमानतळावर दाखवण्यासाठी नेमकी कोणती कागदपत्रे जवळ असावीत? ओळखीतल्या एकाने चाळीस कागदांची यादी पाठवली आहे, दुसरा म्हणतो की पासपोर्ट आणि आय-७९७ यांपलीकडे कोणी काही पाहतच नाही. शिवाय नव्या एच-१बी अर्जांवरच्या एक लाख डॉलर शुल्काचे ते प्रकरण आमच्यासारख्यांना लागू होते का, या काळजीने घरच्यांची झोप उडाली आहे.

तारखांचा कारकून यांचे उत्तर :

यादी किती लांब आहे हा मुद्दा मी बाजूला ठेवतो, कारण आपल्या प्रश्नात मला सर्वांत जास्त खटकले ते पासपोर्ट परत आल्यावर बदलण्याचे वाक्य. तो निघण्यापूर्वीच बदला. मुदत संपायला वर्षभराहून कमी अवधी उरला की येथील भारतीय दूतावासामार्फत, म्हणजे व्यवहारात व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीकडे अर्ज करून, तो नव्याने मिळवता येतो. पुण्यात गेल्यावर करू म्हणाल तर तेही जमणार नाही, कारण स्टॅम्पिंगच्या, म्हणजे नवा शिक्का मिळवण्याच्या, काळात पासपोर्ट अमेरिकी वकिलातीच्या ताब्यात असतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात एकच एक ‘व्हिसाची तारीख’ असते, प्रत्यक्षात तारखा तीन असतात आणि तिघींची कामे वेगळी. पासपोर्टवरचा शिक्का हा केवळ अमेरिकेच्या दारापर्यंत येण्याचा परवाना आहे. तो आत असताना संपला तरी बिघडत नाही, म्हणूनच आपण २०२२ पासून निर्धास्त राहू शकलात. आय-७९७ हे आपल्या कंपनीचे पिटिशन कोणत्या तारखेपर्यंत मंजूर आहे ते सांगते. आणि आय-९४ ही प्रवेशाची नोंद आपण देशात कोणत्या दिवसापर्यंत राहू शकता ते ठरवते. मुदतवाढीच्या आय-७९७ च्या तळाशी जो फाडून ठेवण्याचा तुकडा असतो तो आय-९४ च आहे, परंतु देशाबाहेर जाऊन परत आलात की विमानतळावर नवी नोंद होते आणि तेथून पुढे तीच धरली जाते. ती नोंद करताना अधिकारी पासपोर्टची मुदत पाहतो आणि पासपोर्ट पिटिशनच्या आधी संपत असेल तर आय-९४ ची तारीख तेथेच तोडतो. म्हणजे पिटिशन २०२८ पर्यंतचे आणि शिक्का कोरा करकरीत असूनही आपल्याला मे २०२७ पर्यंतच राहता येईल.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझे पिटिशन ऑगस्ट २०२५ पर्यंत होते आणि पासपोर्ट जानेवारी २०२४ मध्ये संपणार होता. २०२३ च्या वसंतात भारतातून परतलो, अधिकाऱ्याने शिक्का मारून हसतमुखाने पासपोर्ट परत दिला, मीही हसून पुढे गेलो. उन्हाळ्यात पासपोर्ट नवा करून घेतला आणि विषय संपला असे समजून चाललो. डिसेंबरात गाडीचा परवाना वाढवायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी पडद्याकडे पाहून शांतपणे सांगितले की परवाना पाच आठवड्यांचाच मिळेल. का, तर माझ्या आय-९४ वर जुन्या पासपोर्टची तारीख होती. पासपोर्ट नवा झाला म्हणून आय-९४ आपोआप लांबत नाही, हे मला त्या खिडकीपाशी कळले. वकिलांनी दोन मार्ग सांगितले : तारीख उलटण्याआधी कंपनीने मुदतवाढीचा नवा अर्ज दाखल करावा, किंवा मी देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर पुन्हा प्रवेश करावा. कंपनीने घाईघाईने अर्ज केला म्हणून निभावले. त्या तारखेपुढे नकळत राहिलो असतो आणि तो मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला असता, तर देश सोडल्यावर तीन वर्षे परतीचे दार बंद झाले असते. वर्षभर झाला असता तर दहा वर्षे.

तेव्हा परत आल्या रात्री, जेट लॅगने झोप लागत नसतेच, सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याच्या) संकेतस्थळावरून तिघांपैकी ज्यांना लागू आहे त्यांचे आय-९४ उतरवून घ्या आणि तारीख डोळ्यांनी वाचा. अधिकाऱ्याची सरळ चूक असेल तर ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’च्या कार्यालयात ती दुरुस्त होऊ शकते. पासपोर्ट संपत असल्यामुळे तोडलेली तारीख ही मात्र चूक धरली जात नाही.

एक लाख डॉलरबाबत : ती घोषणा १९ सप्टेंबर २०२५ ची असून ती २१ सप्टेंबरपासून दाखल होणाऱ्या, मुख्यतः अमेरिकेबाहेर असलेल्या व्यक्तींसाठीच्या नव्या पिटिशनांकरिता होती. अमेरिकेत राहून मिळालेली मुदतवाढ तिच्या कक्षेत येत नाही आणि अशी व्यक्ती नंतर त्याच मंजुरीवर बाहेर जाऊन स्टॅम्पिंग करून परतली तरी ती रक्कम भरावी लागत नाही, असा खुलासा यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याने २० ऑक्टोबर २०२५ रोजी केला. आपली मंजुरीपत्रे तळाशी आय-९४ असलेली, म्हणजे आय-७९७ए प्रकारची आहेत ना, एवढे पाहून घ्या आणि घरच्यांना झोपू द्या.

आता माझा एक प्रतिप्रश्न. न्यू जर्सीहून शार्लटला आलात तेव्हा कंपनीने सुधारित पिटिशन दाखल केले होते का? घरून काम करत असलात तरी आपले घर हेच कामाचे ठिकाण ठरते आणि ते दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेले तर नवा एलसीए (कामाचे ठिकाण आणि पगार सांगणारा श्रमखात्याकडचा अर्ज) आणि सुधारित पिटिशन लागते. ‘कंपनी तीच आहे’ हे उत्तर तेथे पुरत नाही.

शार्लटवासी :

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. पासपोर्टचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. सुधारित पिटिशन कंपनीने दाखल केले होते; चौथे आय-७९७ त्याचेच आहे आणि ते ए प्रकारचे आहे, हे आत्ताच उघडून पाहिले. आजवर मी ते मुदतवाढीचेच दुसरे पत्र समजत होतो. मग चारही पत्रे न्यायची की शेवटचे एकच? आणि पत्नीचा प्रश्न राहिला : तिचा एच-४ चा, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसाचा, जुना शिक्का माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर आहे, नंतरचा पासपोर्ट आणि मंजुरीपत्रे सासरच्या नावाने आहेत.

गोदाकाठ यांचे उत्तर :

नावांच्या गुंत्यातून मी स्वतः गेले आहे, म्हणून त्याविषयी लिहिते.

आपल्याकडे नाव लिहिण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र, आडनाव स्वतंत्र. पदवी प्रमाणपत्रावर पुन्हा तिसरीच तऱ्हा. येथे आल्यावर माझ्या शैक्षणिक मूल्यांकनात गुणपत्रिकेचा क्रम जसाच्या तसा उतरला आणि माझे आडनाव हेच माझे नाव झाले. वर्षभर ऑफिसातले सहकारी मला आडनावाने हाक मारत होते, आणि मला वाटत होते की इथली पद्धतच असेल. तोवर त्यात गंमत होती. पुढे एका अर्जात वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात गेले, तेव्हा दुरुस्तीला दोन महिने लागले.

आपल्या पत्नीसाठी कळीचा कागद म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, आणि तेही महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या विवाह निबंधकाकडचे. मंगल कार्यालयाची पावती, गुरुजींनी दिलेला दाखला किंवा लग्नपत्रिका यांनी काम होत नाही, याचा पुष्कळांना अजूनही पत्ता नसतो. प्रमाणपत्रावर विवाहापूर्वीचे नाव जुन्या पासपोर्टशी अक्षरशः जुळते का ते पाहा. माझ्या प्रमाणपत्रावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त पडला होता आणि ती दुरुस्ती सासरे तीन वेळा पालिकेच्या कार्यालयात खेटे घालून करून आले. भारतात पोहोचल्यावर हे उद्योग करायला आपल्याजवळ दिवस नसतील, त्यामुळे घरून कोणाला तरी आत्ताच पाठवा.

तिच्या डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, पूर्वीचे नाव वापरले होते का, असा प्रश्न येतो. तेथे माहेरचे नाव लिहायचेच. जुना पासपोर्ट रद्द झाला म्हणून घरी ठेवू नका, कारण मागचा शिक्का त्यावर आहे. एच-४ ची मुलाखत आपल्याबरोबरच घेतली तर आपल्याच फाइलवर भागते; ती वेगळी जाणार असेल तर आपल्या आय-७९७ ची, शिक्क्याची आणि अलीकडच्या पे-स्लिपांची प्रत तिच्याजवळ असू द्या.

मुलाचा उल्लेख आपण ओझरता केला आहे. तो येथे जन्मला असेल तर तो अमेरिकी नागरिक आहे आणि त्याला भारतात जायलाच परवानगी लागते : ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड किंवा ई-व्हिसा. सोळा वर्षांखालील मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तेव्हा बाळ असताना काढलेला तो पासपोर्ट कधी संपतो हेही बघा. आई-वडील स्वतःच्या स्टॅम्पिंगमध्ये इतके बुडालेले असतात की निघायच्या आठवड्यात मुलाचे आठवते. आमच्याकडे हेच झाले आणि ई-व्हिसाने तारले.

दोनशेएकवीसग्रस्त यांचे उत्तर :

चारही आय-७९७ न्या. मुलाखतीला आणि विमानतळावर पुढे करायचे ते सर्वांत अलीकडचे. बाकीची तीन मागितली तरच काढायची. ती मागितली जातात ती इतकेच पाहायला की २०१९ पासून आजपर्यंत मध्ये कोठे खंड पडलेला नाही. चाळीस कागदांच्या यादीचेही तेच. फाइल जाड असली तरी हरकत नाही, पण ती खिडकीवर एकदम उलटी करू नये. अधिकारी विचारेल तेवढाच कागद त्याच क्षणी हाताला लागला पाहिजे. मी पारदर्शक कप्प्यांचे फोल्डर नेले होते : पहिल्या कप्प्यात दोन्ही पासपोर्ट, डीएस-१६० चे पुष्टीपत्र आणि अपॉइंटमेंटचे पत्र, दुसऱ्यात आय-७९७, एलसीए आणि पिटिशनची प्रत, तिसऱ्यात कंपनीचे पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पे-स्लिपा आणि मागील वर्षांचे डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेला कर यांचे वार्षिक विवरण), चौथ्यात पदवी आणि गुणपत्रिका. बँकेची विवरणपत्रे, घराचा करारनामा असले काही मला कोणी विचारले नाही.

कंपनीचे पत्र मात्र नीट वाचून घ्या. एचआरकडे तयार साचा असतो आणि त्यात नाव-पद घालून ते पाठवून देतात. पिटिशनमध्ये जे पद, जो पगार आणि कामाचे जे ठिकाण आहे तेच पत्रावर हवे. आपण क्लायंटकडे काम करत असाल तर क्लायंटचे पत्रही लागू शकते. माझी गाडी तेथेच अडली. मुलाखत चार मिनिटांची, प्रश्न साधे : काम काय करता, पगार किती, प्रत्यक्षात काम कोणासाठी चालते. शेवटच्या प्रश्नावर मी क्लायंटचे नाव सांगितले, पत्र मात्र फक्त कंपनीचे होते. अधिकाऱ्याने २२१(जी) चा कागद हातात ठेवला. कायद्याने तो नकारच धरला जातो, पण कायमचा नव्हे; अधिक कागद किंवा अधिक तपासणी हवी असा त्याचा अर्थ. व्हिसा तोवर मिळत नाही. क्लायंटचे पत्र मिळवून पाठवणे, मग वाट पाहणे, असे पाच आठवडे गेले. रजा संपली, आणि भारतात बसून अमेरिकेतील काम करण्यास कंपनीने सुरक्षिततेच्या कारणाने मनाई केली. म्हणून सांगतो, परतायला उशीर झाला तर रजा की दूरस्थ काम, याची लेखी परवानगी निघण्याआधीच घेऊन ठेवा.

वेळापत्रकाविषयी. पूर्वी मुलाखतीशिवाय कागद पेटीत टाकून शिक्का मिळायचा. ती ‘ड्रॉपबॉक्स’ सवलत एच-१बी धारकांसाठी २ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली. त्याच आठवड्यात, ६ सप्टेंबरला, अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी असा आदेश निघाला, त्यामुळे वाटेत तिसऱ्या देशात स्टॅम्पिंग उरकण्याची युक्तीही गेली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली आणि त्या वेळी भारतातल्या शेकडो लोकांच्या डिसेंबरातल्या मुलाखती मार्च २०२६ आणि त्याही पुढे ढकलल्या गेल्या. माणसे लग्नाला म्हणून गेली आणि होळीपर्यंत अडकली. तेव्हा ‘आधी लगीन कोंढाण्याचे’ : मुलाखतीचा स्लॉट हाती आल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि स्लॉट सहलीच्या शेवटी नव्हे तर पहिल्या आठवड्यात घ्या, मग हळद असो की केळवण. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती लिहावी लागतात; ती सार्वजनिक ठेवा आणि अर्जात लिहिलेली नोकरी व लिंक्डइनवरची नोकरी यांच्या तारखा जुळवून घ्या.

त्याच अर्जात ‘आपल्यासाठी कोणी स्थलांतरित व्हिसाचे पिटिशन दाखल केले आहे का’ असा प्रश्न आहे. आपला आय-१४० मंजूर आहे, म्हणून उत्तर ‘होय’. ग्रीन कार्डाचे नाव काढले तर व्हिसा मिळणार नाही या भीतीने काही जण ‘नाही’ लिहितात. एच-१बी ला ती अडचण नाही, खोटे उत्तर हीच अडचण. ताकाला जाऊन भांडे लपवू नये.

मुंबईत दोन फेऱ्या धरा. एका दिवशी व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि छायाचित्र, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून पुण्याहून आलेल्याने तो कोणाजवळ तरी सोपवण्याची सोय करून यावे.

प्रवासाचा मार्गही कागदपत्रांचाच भाग समजा. जाताना आपला शिक्का संपलेला असणार. लंडनमार्गे गेलात तर केवळ विमान बदलण्यासाठीही भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर सूट मिळते, पण आय-७९७ दाखवून ती मिळत नाही. थेट विमान किंवा दोहा, दुबई, अबुधाबी हे मार्ग सोपे. परतताना अबुधाबीहून आलात तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तेथेच, विमानात बसण्यापूर्वी होते. माझ्या एका मित्राने फाइल मोठ्या बॅगेत, आईने दिलेल्या गोड्या मसाल्याच्या पिशवीशेजारी ठेवली होती आणि बॅग पुण्याहूनच पुढे गेलेली. अधिकाऱ्याने आय-७९७ मागितले तेव्हा त्याच्याजवळ फोनमधला एक धूसर फोटो होता. सोडले त्याला, पण बाजूच्या खोलीत दीड तास बसवून.

शार्लटवासी :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडले. पासपोर्टचा अर्ज भरून झाला असून सोमवारी कागद पाठवतो. मुलाचा पासपोर्ट पुढच्या मार्चमध्ये संपतो असे निघाले, म्हणून त्याचाही अर्ज करावा लागणार आणि ओसीआय नव्या पासपोर्टवरच काढू. विवाह प्रमाणपत्रावरचे नाव सुदैवाने अक्षरशः जुळते. एचआरने गेल्या महिन्यात दिलेल्या पत्रावर मात्र कामाचे ठिकाण म्हणून अजून एडिसन, न्यू जर्सी असेच छापलेले आहे. ते दुरुस्तीसाठी आज सकाळी परत पाठवले. बहिणीला एवढेच कळवले आहे की मुलाखतीची तारीख नक्की झाल्याशिवाय तिकिटाचे विचारू नकोस.